भाबा की पिन-पार्वती? इंदूरच्या बाप-लेकीसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरचे एक वडील, वय ४८, आणि त्यांची सतरा वर्षांची मुलगी. गेल्या वर्षी दोघांनी हिमाचलमधली हम्पता खिंड केली आणि दोघांनाही काही त्रास झाला नाही. यंदा मुलगी पिन-पार्वती खिंडीसाठी हट्ट धरून बसली आहे. एका ट्रेकिंग कंपनीने त्याऐवजी भाबा खिंड सुचवली आहे: ऑगस्टमध्ये, इंदूर ते इंदूर नऊ दिवसांत. दोन्हींपैकी काय करावं, इंदुरात राहून तयारी कशी करावी आणि डायमॉक्स (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायची गोळी) घ्यावी का, असं त्यांनी विचारलं आहे.

गेली चोवीस वर्षं मी इंदूरहून दर वर्षी एकदा तरी हिमालयात जाते. आधी मैत्रिणींबरोबर जात होते, नंतर गट घेऊन जाऊ लागले. त्यातल्या बऱ्याच खेपा किन्नौर आणि स्पितीच्या. त्या अनुभवावरून माझं उत्तर हे: यंदा भाबा करा, पिन-पार्वती दोन वर्षांनी. भाबासुद्धा ऑगस्टमध्ये नको. आणि कंपनीने दिलेल्या नऊ दिवसांत आणखी चार दिवस घाला. दिवस वाढवण्याची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून उत्तराचा मोठा भाग तिच्यावरच खर्च करते.

हम्पता सुखरूप झाली याचा आनंद आहेच, पण तिच्यावरून पुढचा अंदाज बांधू नका. हम्पता साधारण ४,२७० मीटरची. खिंड ओलांडली की त्याच दिवशी तुम्ही शियागोरूला खाली उतरता आणि दुसऱ्या दिवशी छत्रूला गाडीरस्ता भेटतो. अंगात थोडी कसर असली तरी ती खिंड सांभाळून घेते. पिन-पार्वती ५,३१९ मीटरची. बर्शैणीहून खीरगंगा, टुंडा भुज, ठाकुर कुआँ, पांडू पूल करत मानतलाईला पोचायलाच चार-पाच दिवस लागतात. तिथून पुढे हिमनदी आहे आणि तिच्यावर भेगा आहेत. ताजं बर्फ पडलं की त्या भेगा झाकल्या जातात, म्हणून एका दोराला बांधून घेऊन चालावं लागतं. मानतलाईला कुणी आजारी पडलं तर मागे फिरायची वाटही काही दिवसांची. मुलीला खरंच ती खिंड करायची असेल तर मधल्या काळात उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत किंवा मनालीच्या संस्थेत तिला बेसिक कोर्सला घाला. दोर, आइस-अ‍ॅक्स, घसरलो तर स्वतःला थांबवणं, हे तिथे शिस्तीत शिकवतात. हट्ट चांगला आहे, त्याला योग्य वाट द्या.

भाबा साधारण ४,९०० मीटरची. किन्नौरमधल्या काफनू गावातून निघायचं आणि स्पितीच्या पिन खोऱ्यातल्या मूद गावात उतरायचं. मुलिंग, कारा, फुस्तिरंग हे मधले मुक्काम. काफनूकडून चढताना देवदार, भूर्ज, मग रानफुलांनी भरलेली कुरणं आणि त्यात मेंढपाळांचे कळप. खिंडीवर उभं राहिलात की मागे हिरवं आणि पुढे तांबडा, जांभळा, राखाडी उघडा डोंगर. पावसाळी ढग किन्नौरच्या बाजूने चढत येतात आणि या धारेशी बहुतेक रिकामे होतात, म्हणून पलीकडे गवताचं पातंही विरळ. इतका बदल एका दिवसाच्या चालीत दाखवणाऱ्या वाटा मी फार पाहिलेल्या नाहीत.

आता दिवसांचा हिशेब. इंदूर सुमारे ५५० मीटरवर आहे. मध्य प्रदेशातलं सगळ्यांत उंच ठिकाण, पचमढीचं धूपगड, १,३५० मीटर. महाराष्ट्रातलं कळसूबाई १,६४६. म्हणजे आपल्या दोन्ही राज्यांच्या माथ्यांवर उभं राहिलं तरी काफनूच्या, म्हणजे जिथे अजून एक पाऊलही चढलेलो नसतो त्या २,४०० मीटरच्या, बरेच खाली असतो आपण. कंपनीच्या कार्यक्रमात काफनूनंतर मुलिंग, सुमारे ३,२००, आणि मुलिंगहून थेट फुस्तिरंग, सुमारे ४,१००. एका दिवसात झोपायची जागा नऊशे मीटरने वर. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा पाचशे मीटरहून जास्त वर नसावा, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच जागी काढावी, असा पर्वतवैद्यकातला सर्वमान्य नियम आहे. मधला कारा वगळून त्यांनी एक दिवस वाचवला आहे, आणि नेमका तोच दिवस तुम्हाला हवा आहे.

हे का, ते नीट समजून घ्या, म्हणजे तिथे कुणी घाई केली तर बधणार नाही. वर हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदलत नाही, २१ टक्केच राहतं. हवेचा दाब कमी होतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. भाबाच्या माथ्यावर तो समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. शरीर लगेच श्वास वाढवतं. पण श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. रात्री तंबूत शेजारचा माणूस दहा-पंधरा सेकंद श्वासच घेत नाही आणि मग एकदम मोठा श्वास ओढतो, ते याच ओढाताणीमुळे. मूत्रपिंडं जास्तीचं बायकार्बोनेट लघवीवाटे टाकतात तेव्हा हा लगाम सुटतो, आणि त्या कामाला दिवस लागतात. रोज इंदूरजवळची रालामंडलची टेकडी पळत चढणाऱ्याची मूत्रपिंडंसुद्धा हे काम तुमच्या-माझ्याइतक्याच वेळात करतात.

म्हणूनच तगडी माणसं फसतात. काही वर्षांपूर्वी फुस्तिरंगला आमच्यातला सगळ्यांत दमदार गडी, इंदुरात रोज बारा किलोमीटर धावणारा, संध्याकाळी जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. थोड्या वेळाने मी पाहिलं तर तो तंबूच्या तोंडाशी बसून जॅकेटची चेन लावत होता. खालचं टोक खोबणीत घालायचा, ते निसटायचं, पुन्हा घालायचा. पाच-सहा वेळा झालं. हात थंडीने आखडले असतील म्हणावं तर हातमोजे नुकतेच काढलेले. मी खेचराचा दोर जमिनीवर सरळ पसरला आणि त्याला सांगितलं, यावरून चालून दाखव, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत. तिसऱ्या पावलाला तो डावीकडे कलला. पुन्हा सांगितलं, पुन्हा कलला. तोवर तो माझ्यावर चिडला होता, आणि हा माणूस एरवी कधी आवाज चढवत नाही.

मेंदूला सूज यायला लागल्याची ती खूण होती. डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं डेक्सामेथासोन, सूज कमी करणारं औषध, त्याला दिलं आणि रात्री नऊ वाजता आम्ही उतरायला लागलो. काफनूचा खेचरवाला पुढे टॉर्च घेऊन, मित्र मध्ये, मी त्याचा पट्टा मागून धरून. काराला पोचायला मध्यरात्र उलटली. पहाटे त्याने आपणहून चहा मागितला तेव्हा मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. त्या वर्षी माझी खिंड झाली नाही, त्याचीही नाही. पण तो आज आहे, आणि दोन वर्षांनी याच वाटेने, एक रात्र जास्त काढून, तो खिंड ओलांडून गेला.

मुलीला आणि स्वतःला तीन गोष्टी पाठ करून ठेवा. डोकं दुखतंय, जेवण जात नाही, झोप येत नाही: उंची लागली आहे, आज वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागते, खोकला ओला आहे, छातीत घरघर आहे: फुप्फुसांत पाणी भरतंय, ताबडतोब खाली. चाल डगमगते, बोलणं विसंगत होतं, स्वभाव पालटतो: मेंदूवर परिणाम होतोय, रात्र असो की पाऊस, ताबडतोब खाली. औषध आणि ऑक्सिजन हे खाली पोचेपर्यंतचे टेकू. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजणारा ऑक्सिमीटर न्या, पण त्याच्या एका आकड्याने घाबरू नका किंवा निर्धास्तही होऊ नका. तिथे ऐंशीच्या घरातले आकडे बऱ्याच ठणठणीत लोकांचे असतात. माणूस कसा दिसतो, कसा चालतो, ते आधी पाहा.

डायमॉक्सबद्दल: ते मूत्रपिंडांच्या वर सांगितलेल्या कामाला वेग देतं, लक्षणं झाकत नाही. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात आणि चढायच्या आदल्या दिवसापासून सुरू करतात. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आणि घ्यायची की नाही हे त्यांच्याशी बोलूनच ठरवा. इंदुरात असतानाच एक-दोन दिवस घेऊन पाहण्याबद्दलही त्यांना विचारा, कारण बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं. ते पहिल्यांदा डोंगरात अनुभवलं तर माणूस उगाच धास्तावतो. माझं मत विचाराल तर कार्यक्रमात दिवस पुरेसे असतील तर बहुतेकांना गोळीची गरज पडत नाही. दिवस कापायचे आणि गोळीने भरून काढायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

माझा कार्यक्रम असा असतो. मालवा एक्स्प्रेसने अंबाला, तिथून रस्त्याने शिमला, नारकंडा, रामपूर करत कल्पा. कल्पा २,९६० मीटरवर आहे, समोर किन्नर कैलास. तिथे दोन रात्री. दिवसा सफरचंदाच्या बागांमधून वरच्या वाटांनी तीन-चार तास हिंडा आणि झोपायला परत या. मग वांगतूला खाली येऊन काफनू. पुढे मुलिंग एक रात्र, कारा दोन रात्री, फुस्तिरंग एक रात्र. काराच्या दुसऱ्या दिवशी सामान न घेता तीनशे-चारशे मीटर चढून परत यायचं. आणि एक दिवस पूर्ण मोकळा, हवामानासाठी. तो वापरावा लागला नाही तर काझाला खर्च करा.

त्या मोकळ्या दिवसाला लोक चैन समजतात, म्हणून दोन आठवणी देते. २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर वादळात सापडून कर्नाटकातल्या एका गटातले ९ जण गेले. २०२३ च्या जुलैत हिमाचलमधल्या चंद्रताल सरोवरापाशी सुमारे तीनशे लोक बर्फात आणि बंद रस्त्यांत अडकले होते. तुमच्या खिशात परतीचं तिकीट असेल आणि मोकळा दिवस नसेल, तर फुस्तिरंगला ढग दाटून आल्यावर तुमचा निर्णय ते तिकीट घेतं. ऑगस्ट नको म्हणते तेही यासाठीच. काफनूपर्यंतचा सतलजकाठचा रस्ता पावसात दरडींचा आहे. ११ ऑगस्ट २०२१ ला याच रस्त्यावर निगुलसरीला दरड कोसळून २८ माणसं गेली. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बघा. ओढ्यांना पाणी कमी, आकाश बहुतेक स्वच्छ, रात्री थंड पण सोसण्याजोग्या. मुलीच्या कॉलेजमुळे ते जमत नसेल तर जूनचा शेवट, मात्र तेव्हा फुस्तिरंगच्या वर भरपूर बर्फ असेल आणि बुटांना मायक्रोस्पाइक, म्हणजे बर्फावर पकड देणारे काटे, लागतील.

दिवसांइतकंच महत्त्व घड्याळाला. खिंडीच्या दिवशी पहाटे तीन-साडेतीनला निघायचं. रात्रीच्या थंडीने बर्फ घट्ट असतं, पाऊल वर राहतं. दहानंतर तेच बर्फ मऊ पडतं आणि मांडीपर्यंत पाय रुततो. दुपारी ढग येतात. अकरापर्यंत माथा गाठला नाही तर जिथे असाल तिथून परत, हे आदल्या रात्री गाइडसमोर ठरवा. माथा दिसत असताना डोकं हा निर्णय घेऊ देत नाही.

ओढ्यांचंही तसंच. बर्फ वितळून येणारं पाणी सकाळी सर्वांत कमी आणि दुपारनंतर वाढत जातं. काराहून पुढे जाताना असा एक ओढा लागतो. पाणी इतकं गार की चौथ्या पावलाला पाय आहेत की नाहीत ते कळत नाही. अनवाणी कधीच उतरू नका, पट्ट्याच्या सँडल घाला. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर ती झटकन काढता येईल. दोघांनी एकमेकांचे खांदे धरायचे, तोंड प्रवाहाकडे, एका वेळी एकच पाय हलवायचा. आणि उतरण्याआधी काठावर मिनिटभर गप्प उभं राहून ऐका. पाण्याखालून दगडांवर दगड आपटल्याचा ठक-ठक आवाज येत असेल तर तो प्रवाह माणसालाही नेईल. त्या दिवशी तिथेच थांबायचं, सकाळी पाहायचं.

इंदूरच्या तयारीबद्दल. उंचीची सवय इथे होत नाही हे एकदा मान्य केलं की राहतात पाय आणि दम, आणि त्यांना आपला परिसर पुरेसा आहे. चार महिने हातात ठेवा. आठवड्यातून चार दिवस चाल किंवा धाव, दोन दिवस जिना. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून सात-आठ किलो वजन करा आणि दहा मजली इमारत सलग सहा-सात वेळा चढा. उतरण्याचा सराव लोक विसरतात, आणि गुडघे तिथेच बोलतात. खिंडीनंतर पिनच्या बाजूची उतरण तीव्र आणि खडीची आहे. तेव्हा रविवारी रालामंडल किंवा जानापाव, आणि उतरताना हळूहळू, मांडीचे स्नायू जाणवतील असं. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसवर जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत घरी या. उन्हात जीव काढण्याने हिमालयासाठी काही मिळत नाही.

खाण्याची एक गंमत सांगते, उपयोगाची आहे. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. फुस्तिरंगला ते ८६ अंशांच्या आसपास, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. त्यात भूक मरते, गोड नकोसं होतं. अशा वेळी आपले पोहे कामी येतात. ते शिजवावे लागतच नाहीत. गरम पाण्याने भिजवले, वर शेव, जिरावण मसाला, लिंबाचा थेंब, की न जेवणारी माणसंही वाटीभर खातात. मऊ भात आणि मेतकूट हे दुसरं. मी दोन्हींची पुडकी प्रत्येक खेपेला नेते.

मुलीबद्दल थोडं मोकळेपणाने, कारण वडील हे विचारायला संकोचतात. आडोसा नसतो म्हणून मुली पाणी कमी पितात, आणि मग डोकं दुखतं ते उंचीने की पाणी न प्यायल्याने हेच कळेनासं होतं. शौचाचा तंबू आहे का, हे कंपनीला आधी विचारा. पाळी उंचीवर आणि दगदगीने मागे-पुढे होऊ शकते, तारीख दूर असली तरी पॅड बरोबर हवेत, आणि वापरलेले परत आणायला जाड काळ्या पिशव्या. तिच्याबरोबर गटात आणखी एक बाई असेल असं बघा. आणि तिला आत्ताच सांगा की डोकं दुखतंय असं म्हटल्याबद्दल कुणी रागावणार नाही. सतरा वर्षांचं मूल वडिलांची खिंड आपल्यामुळे हुकू नये म्हणून गप्प बसतं, हे मी पाहिलं आहे.

दोघांनीच जाऊ नका. काफनूचा गाइड आणि खेचरं घ्या, किंवा कंपनीबरोबर जा. कंपनीला एकच प्रश्न नेटाने विचारा: एक जण आजारी पडला तर त्याला घेऊन खाली कोण जाईल, आणि त्या वेळी बाकीच्यांबरोबर कोण राहील? उत्तरात दोन वेगवेगळी माणसं नसतील तर दुसरी कंपनी बघा. काफनूनंतर फोन लागणार नाही असंच धरून चाला. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं भारतात बेकायदेशीर आहे, तेव्हा परदेशातल्या नातेवाइकाचा मागून नेऊ नका. घरच्यांना मूदला पोचायची तारीख मोकळा दिवस धरून सांगा, म्हणजे एक दिवस उशीर झाला तरी इंदुरात कुणी उपाशी बसणार नाही.

मूद हे पिन खोऱ्यातलं रस्त्याच्या टोकाचं गाव. तिथून अटारगोचा पूल ओलांडून काझा, आणि कुंझुम खिंड उघडी असेल तर लोसर, बातल करत मनाली. परतीचं आरक्षण रद्द करता येईल असंच करा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याला अजून अवकाश आहे. बूट मात्र या महिन्यातच घ्या, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून, आणि जानापावला ते दहा वेळा तरी चढू-उतरू द्या.